देणगीदार, ज्यू विद्यार्थी आणि इस्रायलची बाजू

अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात शंभर वर्षांपूर्वी एडवर्ड चॉन्सी बाल्डविन नावाचे इंग्रजीचे प्राध्यापक होते. ते स्वतः ख्रिस्ती. आपल्याकडे येणाऱ्या ज्यू मुलांना स्वतःच्याच धर्मग्रंथाची फारशी ओळख नाही हे त्यांना खटकले आणि ही गोष्ट त्यांनी ज्यू समाजातल्या जाणत्यांच्या कानावर घातली. विद्यापीठालगतच्या शँपेन गावातले कपड्यांचे व्यापारी आयझॅक कून मदतीला उभे राहिले, बेंजामिन फ्रँकेल या तरुण रब्बीने, म्हणजे ज्यू धर्मगुरूने, काम अंगावर घेतले आणि १९२३ मध्ये ‘हिलेल’ ही विद्यार्थी संस्था सुरू झाली. पुढच्याच वर्षी ब्नाई ब्रिथ या जुन्या ज्यू संघटनेने तिला आपल्या छत्राखाली घेतले. आज हिलेलचे काम साडेआठशेच्या आसपास महाविद्यालयांत आणि विद्यापीठांत चालते. तिच्या जोडीला खासगी न्यास आहेत, नेतृत्व-शिष्यवृत्त्या आहेत, इस्रायलच्या मोफत सहली आहेत आणि इस्रायलची बाजू मांडायला विद्यार्थी तयार करणाऱ्या संघटनाही आहेत. एवढा पैसा विद्यार्थ्यांवर का खर्च होतो आणि त्यातून खरोखर काय साधते, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे म्हणणे असे की या देणग्यांमागे दोन वेगळे हेतू आहेत. एक, तरुणांना आपल्या समाजाचे जाणते पुढारी करणे. आणि दुसरा, त्यांच्याकरवी इस्रायलची बाजू लढवणे. पहिल्या कामात पैशाला चांगले यश आले आहे. दुसऱ्यात यश फार मर्यादित आहे, आणि दुसऱ्यासाठी पहिल्याला वेठीला धरले की दोन्ही बिघडतात.

सुरुवातीच्या काळात दुसरा हेतू नव्हताच म्हटले तरी चालेल. १९२२ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष लॉरेन्स लॉवेल यांनी ज्यू विद्यार्थ्यांच्या संख्येवर मर्यादा घालण्याचा प्रस्ताव आणला होता. त्या सुमारास तिथे पाचांतला एक विद्यार्थी ज्यू होता. इतर नामवंत विद्यापीठांनीही उघड वा आडमार्गाने ज्यूंचे प्रवेश आवरते घेतले. प्रवेश मिळाला तरी बऱ्याच विद्यार्थी मंडळांची दारे ज्यू मुलांना बंद असत. अशा वेळी देणगीदारांनी दिली ती एक जागा. तिथे शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथच्या मेणबत्त्या लागत, धर्मनियमांनुसारचे कोशर जेवण मिळे, हिब्रू शिकता येई, घरापासून दूर असलेल्या मुलाला सणाला चार माणसे भेटत. आजही कुठल्याही हिलेल-गृहात हेच दृश्य दिसते. ‘हल्ला’ या विणलेल्या पावावरचे फडके काढून आशीर्वाद म्हटला जातो, टेबलाभोवती धर्म पाळणारे, न पाळणारे, अर्धेमुर्धे पाळणारे असे सगळे बसतात आणि स्वयंपाकापासून निमंत्रणापर्यंतची बरीच व्यवस्था विद्यार्थीच बघतात. नेतृत्वाचे पहिले धडे तिथेच गिरवले जातात. वीस वर्षांच्या मुलीने पन्नास जणांच्या जेवणाचा हिशेब सांभाळायचा, रुसलेल्यांना समजावायचे, पाहुण्या वक्त्याला बोलवायचे, हे कुठल्याही भाषणापेक्षा जास्त शिकवते.

१९६७च्या सहा दिवसांच्या युद्धानंतर चित्र बदलले. इस्रायल पुसला जाईल या धास्तीने आणि नंतरच्या विजयाने अमेरिकी ज्यू समाज हलून गेला. इस्रायलसाठी पैशाचा ओघ लागला. पण याच काळात विद्यार्थ्यांनी देणगीदारांना एक वेगळा जाब विचारला, आणि तो प्रसंग या विषयाच्या इतिहासात महत्त्वाचा आहे. नोव्हेंबर १९६९ मध्ये बॉस्टनला ज्यू फेडरेशनांचे वार्षिक अधिवेशन भरले होते. फेडरेशन म्हणजे शहराशहरांतून वर्गणी गोळा करून रुग्णालये, वृद्धाश्रम, शाळा आणि परदेशातले मदतकार्य यांत वाटणारी मध्यवर्ती संस्था. तिथे विद्यार्थ्यांनी निदर्शने केली आणि हिलेल लेवीन या तरुणाने व्यासपीठावरून पुढाऱ्यांना सुनावले. मागणी साधी होती: ज्यू शिक्षणावर आणि संस्कृतीवर पैसे खर्च करा. ही मुले समाजाच्या बाहेर पडायला निघालेली नव्हती. आत शिरून घरच्या तिजोरीचा हिशेब मागत होती. त्यांच्यातलेच अनेक जण पुढे प्राध्यापक, रब्बी आणि संस्थाचालक झाले. ज्यांना आव्हान दिले, त्यांच्याच संस्था नंतर या मंडळींनी चालवल्या. नेतृत्व कसे तयार होते हे यातून कळते. ज्याला बोलू दिले जाते, तोच पुढे जबाबदारी घेतो.

देणगीदारांना खरा हादरा बसला तो १९९०च्या राष्ट्रीय ज्यू लोकसंख्या पाहणीने. त्याआधीच्या पाच वर्षांत लग्न केलेल्या ज्यूंपैकी ५२ टक्क्यांनी ज्यू नसलेला जोडीदार निवडला, असा आकडा त्यातून आला. पुढे पद्धतीतले दोष दाखवून तो आकडा खाली आणला गेला, पण भीती बसली ती बसलीच. दोन पिढ्यांनंतर आपले म्हणवणारे कोण उरेल, या काळजीपोटी चार्ल्स ब्रॉन्फमन आणि मायकेल स्टाइनहार्ट या दोन उद्योगपतींनी १९९९ मध्ये ‘बर्थराइट इस्रायल’ सुरू केली. १८ ते २६ वयाच्या ज्यू तरुणांना इस्रायलची सुमारे दहा दिवसांची सहल पूर्णपणे मोफत. इस्रायल सरकार आणि समाजसंस्थांनीही खर्चात वाटा उचलला. आजवर आठ लाखांहून अधिक तरुण या सहलीला जाऊन आले आहेत. एका बसमध्ये चाळीसेक जण, सोबत वाटाड्या आणि सुरक्षारक्षक. पहाटे उठून मसादाचा डोंगर चढायचा, जेरुसलेमच्या पश्चिम भिंतीपाशी उभे राहायचे, याद वाशेमच्या स्मृतिसंग्रहालयात नरसंहाराचा इतिहास बघायचा, मृत समुद्रात तरंगायचे. काही दिवस त्यांच्याच वयाचे इस्रायली तरुण, बहुतेक लष्करी सेवेतले, त्याच बसमध्ये असतात. दोन्हीकडची मुले मागच्या बाकांवर बसून जे बोलतात, ते कार्यक्रमपत्रिकेत लिहिलेले नसते. आणि परतल्यावर अनेकांना तेच सर्वांत जास्त आठवते.

साधारण याच वेळी दुसरा हेतू उघडपणे पुढे आला. २००० मध्ये दुसरा इंतिफादा, म्हणजे पॅलेस्टिनींचा उठाव, पेटला, २००१ मध्ये दरबानच्या वर्णद्वेषविरोधी परिषदेत इस्रायलवर कडाडून टीका झाली आणि कॅम्पसवर इस्रायलविरोधी आंदोलने वाढली. विद्यार्थी गोंधळले आहेत, त्यांना उत्तरे देता येत नाहीत, असे समाजातल्या अनेकांना वाटले. २००१ मध्ये लॉस एंजेलिसला ‘स्टँडविथअस’ स्थापन झाली. त्याच वर्षी ‘एश हातोरा’ या धार्मिक संघटनेने इस्रायलच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या साथीने ‘हसबारा फेलोशिप्स’ सुरू केल्या. २००२ मध्ये शस्टरमन न्यासाने हिलेलच्या सहकार्याने ‘इस्रायल ऑन कॅम्पस कोअलिशन’ उभारली. इस्रायलवर बहिष्काराची हाक २००५ मध्ये आल्यानंतर या कामाला आणखी धार चढली आणि २०१५ मध्ये कॅसिनो उद्योजक शेल्डन अॅडेल्सन यांनी बहिष्कार चळवळीच्या विरोधात ‘मॅकाबी टास्क फोर्स’ला पैसा पुरवला. या फेलोशिपांची रीत साधारण सारखी असते. अर्ज आणि मुलाखतीतून विद्यार्थी निवडायचा, सुट्टीत प्रशिक्षण द्यायचे, वर्षभर त्याच्या कॅम्पसवर व्याख्याने, चित्रपट, चर्चा घडवायला साहित्य आणि मार्गदर्शन पुरवायचे. स्टँडविथअसची एमर्सन फेलोशिप याच घाटाची आहे. या मुलांना खूप काही शिकायला मिळते यात शंका नाही: सभेत बोलणे, विद्यार्थी परिषदेच्या ठरावावर बाजू मांडणे, वार्ताहराच्या प्रश्नाला तोंड देणे. मात्र इथे निष्कर्ष आधी ठरलेला असतो. विद्यार्थ्याने तो पटवून द्यायचा असतो.

आता पुरावा काय सांगतो ते पाहू. बर्थराइटचा अभ्यास ब्रँडाइस विद्यापीठातल्या लिओनार्ड सॅक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षे केला आहे. त्यांना तुलनेची एक उत्तम सोय मिळाली. सहलीसाठी अर्ज करणारे जागांपेक्षा जास्त असत, त्यामुळे जाऊन आलेले आणि अर्ज करूनही जाऊ न शकलेले असे दोन जवळजवळ सारखे गट अभ्यासता आले. अनेक वर्षांनंतरही जाऊन आलेल्यांना इस्रायलबद्दल जास्त आपुलकी वाटते, त्यांनी ज्यू जोडीदार निवडण्याचे प्रमाण जास्त आहे आणि मुलांना ज्यू म्हणून वाढवण्याकडे त्यांचा कल अधिक आहे. दहा दिवसांच्या अनुभवाचा इतका टिकाऊ परिणाम समाजशास्त्रात क्वचितच आढळतो. पण त्याच गटातले संशोधक थिओडोर सॅसन यांनी सहकाऱ्यांबरोबर आणखी एक गोष्ट तपासली: या सहलीने राजकीय मते बदलतात का? वसाहती, जेरुसलेमचे भवितव्य अशा वादाच्या प्रश्नांवर सहलीचा परिणाम फारच थोडा दिसला. जो उदारमतवादी म्हणून गेला तो उदारमतवादीच परत आला, फक्त आता त्याला त्या देशाबद्दल जिव्हाळा वाटू लागला. सगळा खर्च, सगळे नियोजन देणगीदारांच्या हाती असतानाही मते त्यांच्या हाती आली नाहीत. हे अपयश आहे असे मी मानत नाही. तरुण माणूस विचार करतो, याचे हे लक्षण आहे.

दुसरा पुरावा वेगळ्या दिशेने येतो. २०१७ मध्ये स्टॅनफर्डच्या अॅरी केलमन यांच्या गटाने कॅलिफोर्नियातल्या पाच कॅम्पसवरच्या ६६ ज्यू विद्यार्थ्यांच्या सविस्तर मुलाखती प्रसिद्ध केल्या. मुद्दाम असे विद्यार्थी निवडले होते जे संघटित ज्यू कामात फारसे नाहीत. बहुतेकांनी सांगितले की ज्यू म्हणून आम्हाला इथे सुरक्षित वाटते. त्यांना नकोशी वाटत होती ती इस्रायलवरून चाललेली हमरीतुमरी, आणि ती दोन्ही बाजूंची. ज्यू आहे म्हणजे इस्रायलबद्दल अमुक मत असणारच, हे विरोधकांनी गृहीत धरलेले त्यांना आवडत नव्हते आणि स्वकीयांनी गृहीत धरलेलेही. परिणामी ते बाजूला सरकत होते. अभ्यास छोटा आहे, तो २०२३च्या आधीचा आहे आणि त्यावरून साऱ्या देशाचा निष्कर्ष काढता येणार नाही. तरी त्यातून एक धोका स्पष्ट दिसतो. शुक्रवारच्या जेवणाला येण्यासाठी आधी राजकीय भूमिका घ्यावी लागेल असे ज्याला वाटते, तो जेवायला येतच नाही. आणि जो येत नाही त्याच्यातून समाजाचा पुढारी कधी तयार होत नाही.

हा धोका प्रत्यक्षात कसा उतरतो हे हिलेलच्याच इतिहासात दिसते. १९७३ मध्ये ‘ब्रेरा’ नावाचा गट निघाला. पॅलेस्टिनींशी वाटाघाटी कराव्यात असे तो म्हणत होता आणि त्यात हिलेलचे बरेच रब्बी होते. समाजातून एवढा विरोध झाला की चार-पाच वर्षांत गट मोडला. २०१० मध्ये हिलेलने नियम केले: जे इस्रायलचे ज्यू आणि लोकशाही राज्य म्हणून असलेले अस्तित्व नाकारतात किंवा बहिष्काराला पाठिंबा देतात, अशा संस्थांशी आणि वक्त्यांशी भागीदारी करायची नाही. डिसेंबर २०१३ मध्ये स्वार्थमोर कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी हे नियम नाकारून आपले दार सर्वांना खुले असल्याचे जाहीर केले. मध्यवर्ती संस्थेने कायदेशीर कारवाईची सूचना दिल्यावर २०१५ मध्ये त्यांनी हिलेल हे नावच सोडले आणि ‘केहिला’ या नावाने काम चालू ठेवले. विद्यार्थ्यांच्या मताशी कोणी सहमत असो वा नसो, एक गोष्ट मान्य करायला हवी. ती मुले संस्थेचे नियम समजून घेत होती, बैठका घेत होती, ठराव करत होती, परिणाम भोगायला तयार होती. ज्या गुणांसाठी देणगीदार पैसे देतात, नेमके तेच गुण त्यांच्यात होते. आणि तीच मुले संस्थेबाहेर गेली.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. देणगीदाराचा पैसा, त्याच्या अटी. ज्याने आयुष्यभराची कमाई ज्यू राष्ट्राच्या रक्षणासाठी दिली, त्याच्याच पैशाने त्या राष्ट्राच्या विरोधकाला माईक का मिळावा? खाल्ल्या मिठाला जागावे, ही अपेक्षा गैर नाही. प्रत्येक संस्थेला आपल्या सीमा आखण्याचा हक्कही आहे. एखादी धर्मसंस्था धर्मनिंदेला व्यासपीठ देणार नाही, तसेच हे. हा हक्क मला मान्य आहे. प्रश्न हक्काचा नसून उपयोगाचा आहे. वकिलीची संस्था असेल तर तिने उघडपणे एक बाजू घ्यावी आणि ती पटणाऱ्यांनाच बोलवावे. पण जी संस्था स्वतःला सगळ्या ज्यू विद्यार्थ्यांचे घर म्हणवते, तिने घराचा नियम आणि पक्षाचा नियम वेगळा ठेवायला हवा. प्यू संशोधन केंद्राच्या २०२०च्या पाहणीत ६५ वर्षांवरच्या अमेरिकी ज्यूंपैकी ६७ टक्क्यांना इस्रायलशी भावनिक जवळीक वाटत होती. ३० वर्षांखालच्यांमध्ये हे प्रमाण ४८ टक्के होते. निम्म्याहून अधिक तरुण ज्यांना ती जवळीक वाटत नाही, त्यांना दाराबाहेर ठेवून पुढची पिढी उभी राहणार नाही.

दुसरा आक्षेप याहून वजनदार आहे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हमासच्या हल्ल्यात सुमारे १२०० माणसे मारली गेली, २५१ जणांना ओलीस नेले गेले. त्यानंतर गाझात इस्रायलने चालवलेल्या युद्धात हजारो पॅलेस्टिनी नागरिकांचे जीव गेले आणि अमेरिकी कॅम्पसवर निदर्शनांची लाट आली. त्या गदारोळात ज्यू विद्यार्थ्यांना शिवीगाळ, बहिष्कार आणि धमक्या सोसाव्या लागल्या. टफ्ट्स विद्यापीठातील आयटन हर्श यांच्या पाहण्यांत आपली ज्यू ओळख लपवावीशी वाटणाऱ्यांचे प्रमाण वाढलेले आढळले. ब्रँडाइसच्या संशोधकांनी ५१ कॅम्पसची तुलना केली तेव्हा काही ठिकाणचे वातावरण फार विखारी तर काही ठिकाणचे बरेच निवळलेले दिसले. अशा वेळी मुलांना वाऱ्यावर सोडायचे का, असा प्रश्न कोणीही विचारेल. उत्तर स्पष्ट आहे: मुळीच नाही. कायदेशीर मदत, सुरक्षा, तक्रार कुठे आणि कशी करायची याचे मार्गदर्शन, यावर पैसा खर्च व्हायलाच हवा. पण विद्यार्थ्याचे रक्षण आणि सरकारच्या धोरणाचे रक्षण या दोन गोष्टी आहेत. ज्यू असल्यामुळे छळ झालेल्या मुलीला मदत हवी असते. तिचे नेतान्याहू सरकारबद्दल काय मत आहे, हे विचारण्याची ती वेळ नसते. शिवाय त्या वर्षी मुले कुठे वळली? हिलेलकडे, खबाद या धार्मिक चळवळीच्या घराकडे, शब्बाथच्या टेबलाकडे. जी जागा दशकानुदशके शांतपणे जपली होती, तीच संकटात उपयोगी पडली.

त्याच सुमारास पैशाच्या ताकदीचा आणखी एक नमुना दिसला. पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या वॉर्टन स्कूलच्या सल्लागार मंडळाचे प्रमुख मार्क रोवन यांनी माजी विद्यार्थ्यांना देणग्या थांबवण्याचे आवाहन केले; अमेरिकी काँग्रेससमोरच्या सुनावणीनंतर ९ डिसेंबर २०२३ रोजी अध्यक्ष लिझ मॅगिल यांनी राजीनामा दिला. मोठा देणगीदार विद्यापीठाच्या अध्यक्षाला घरी पाठवायला हातभार लावू शकतो, हे त्यातून सिद्ध झाले. तरुणांची मते मात्र वेगळ्याच दिशेने जात होती. २०२४च्या सुरुवातीच्या प्यू पाहणीत तिशीखालच्या अमेरिकी प्रौढांपैकी ३३ टक्क्यांची सहानुभूती पूर्णपणे वा बहुतांशी पॅलेस्टिनी जनतेला होती, तर १४ टक्क्यांची इस्रायली जनतेला. यामागे युद्धाच्या दृश्यांचाही वाटा आहे; प्रचारसंस्था कमी पडल्या एवढेच म्हणून चालणार नाही. तरीही वीस वर्षांच्या संघटित वकिलीनंतर हे चित्र असेल, तर प्रशिक्षित वक्ते जनमताचा लोंढा अडवू शकतात या समजुतीचा पुनर्विचार करायला हवा.

तिसरा आक्षेप दोन बाजूंनी येतो. एक म्हणतो, विरोधकांनाही पैसा मिळतोच. हे खरे आहे. ‘ज्यूइश व्हॉइस फॉर पीस’ या इस्रायलच्या टीकाकार संघटनेला रॉकफेलर ब्रदर्स फंडाने मदत केली आहे; जॉर्जटाऊन, कॉर्नेलसारख्या विद्यापीठांच्या दोहामधल्या शाखांमागे कतारचा पैसा आहे; ख्रिस्ती आणि उजव्या विचारांच्या विद्यार्थी संघटनांचेही मोठे आश्रयदाते आहेत. दुसरा म्हणतो, ज्यू देणग्यांकडेच बोट दाखवणे हाच ज्यूद्वेष आहे. हा इशारा गांभीर्याने घ्यायला हवा, कारण ज्यूंचा पैसा जग चालवतो, हा विषारी समज जुना आहे. १९२०च्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या ‘डिअरबॉर्न इंडिपेंडंट’ने तो घरोघरी पोचवला. त्या समजाला उत्तर वस्तुस्थितीत आहे. हे देणगीदार एकमताचे नाहीत; वाटाघाटींचा आग्रह धरणाऱ्या ‘जे स्ट्रीट’लाही ज्यू देणगीदारांचाच आधार आहे. आणि अफवेवर सर्वांत चांगला उतारा म्हणजे उघड हिशेब. अमेरिकी कायद्याप्रमाणे खासगी न्यासाला आपण कोणाला किती दिले हे वार्षिक विवरणपत्रात सांगावे लागते. सार्वजनिक धर्मादाय संस्थेला मात्र देणगीदारांची नावे जाहीर करण्याची सक्ती नाही. ‘कॅनरी मिशन’ हे निनावी संकेतस्थळ इस्रायलविरोधी विद्यार्थ्यांच्या नावांची यादी छापते. त्याला सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्यू फेडरेशनशी संलग्न न्यासाकडून पैसा गेल्याचे २०१८ मध्ये ‘फॉरवर्ड’ या ज्यू वृत्तपत्रानेच अशा विवरणपत्रातून शोधून काढले, आणि फेडरेशनने पुन्हा मदत न करण्याचे जाहीर केले. समाजाने आपल्याच पैशाचा हिशेब मागितला आणि सुधारणा झाली, हे निकोप लक्षण आहे. ज्या संस्थेला परदेशी सरकारचा पैसा मिळतो तिने तर तो लपवूच नये.

एका मोठ्या देणगीदारावर विसंबण्याचा धोकाही लक्षात घ्यायला हवा. अॅडेल्सन कुटुंबाने बर्थराइटला ४० कोटी डॉलरहून अधिक दिले. शेल्डन अॅडेल्सन २०२१ मध्ये वारले. पुढे कुटुंबाने देणगी कमी केली, त्यात महागाई वाढली आणि २०२३ साठी बर्थराइटला सहभागींची संख्या सुमारे एक तृतीयांशाने घटवावी लागली. हजारो हातांची छोटी वर्गणी अशी एकाएकी आटत नाही, आणि तिच्यावर कोणा एकाच्या मताची छाप पडत नाही. वटवृक्षाला अनेक पारंब्या असतात म्हणून तो एका बुंध्यावर अवलंबून राहत नाही. संस्थेच्या निधीचेही तसेच असावे.

या चर्चेचा एक धागा थेट मुंबईपर्यंत येतो. १८७५ मध्ये हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी मुंबईत बेने इस्रायल मुलांसाठी शाळा काढली. कोकणातून आलेल्या, मराठी बोलणाऱ्या या समाजाच्या मुलांना तिथे हिब्रू आणि इंग्रजीही शिकता आली. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनने तिला आर्थिक मदत केली. पुढे एली कदूरी यांच्या देणगीनंतर शाळेला त्यांचे नाव मिळाले. दूरच्या ज्यू बांधवांनी विद्यार्थ्यांसाठी पैसा पाठवला तो असा. त्या शिक्षणाने काय साधले? १८९७ मध्ये पहिल्या झिओनवादी काँग्रेसचे आमंत्रण आले तेव्हा मुंबईच्या बेने इस्रायल पुढाऱ्यांनी ते नाकारले. झिओनला परतणे ईश्वराच्या इच्छेने होईल अशी त्यांची श्रद्धा होती. पन्नास वर्षांनंतरच्या काळात त्याच समाजातले बहुसंख्य लोक इस्रायलला निघून गेले. आणि तिथे १९६०च्या दशकात काही रब्बींनी त्यांच्या ज्यूपणाबद्दल शंका घेऊन विवाहाला अडथळे आणले, तेव्हा याच लोकांनी धरणे धरले. १९६४ मध्ये इस्रायली संसदेला त्यांचे समान स्थान ठरावाने मान्य करावे लागले. आमंत्रण नाकारणारे, स्थलांतर करणारे आणि धरणे धरणारे या तिघांनीही आपला निर्णय स्वतः घेतला. लंडनच्या देणगीदारांनी यातले काहीच ठरवले नव्हते. त्यांनी लिहायला, वाचायला, संघटित व्हायला मदत केली आणि पुढचे समाजाने पाहिले.

मग चांगल्या देणगीदाराने करावे काय? जागा, शिक्षण, प्रवास, भाषा आणि सल्लागार रब्बी यांवर भरभरून खर्च करावा. कारण यांचे फळ मिळते याला पुरावा आहे. इस्रायलची वकिली करायची असेल तर ती वेगळ्या संस्थेतून, स्वतःच्या नावाने, उघड हिशेबाने करावी. लोकशाहीत तो पूर्ण सन्मान्य मार्ग आहे. सहलीत पॅलेस्टिनी माणसाचे म्हणणे ऐकण्याचीही सोय असावी, कारण २०१८च्या उन्हाळ्यात काही मुले बर्थराइटचा गट सोडून गेली ती नेमके हेच मागत होती. विद्यार्थी मंडळाच्या निर्णयात देणगीदाराला मत नसावे. आणि ज्या मुलावर खर्च केला तो उद्या आपल्या विरुद्ध बोलला, तर त्याला कृतघ्न म्हणू नये. १९६९ मध्ये बॉस्टनला पुढाऱ्यांना जाब विचारणारे तरुण उद्धट वाटले असतील, पण त्यांच्याच मागणीतून ज्यू शिक्षणाला पुढच्या अर्धशतकाची दिशा मिळाली. इस्रायलवर प्रेम करणाऱ्याला तर याची जास्त गरज आहे. पढवलेला तरुण पहिल्या अवघड प्रश्नाला गांगरतो. वाचून, पाहून, वाद घालून आपल्या मतावर आलेला तरुण ते मत आयुष्यभर निभावतो, आणि ते बदलावे लागले तरी समाज सोडून जात नाही.